नावाचा रकाना

शाळेच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी तू फोनवर विचारलंस, "आजी, माझं नाव कुणी ठेवलं आणि का?" मी म्हणाले, "आत्याने, पाळण्यात, रीतीप्रमाणे." ते उत्तर खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. फोन ठेवल्यावर दिवसभर मला ते टोचत राहिलं. म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघं बहीण-भाऊ आपलं आपण वाचू शकला असता, हे मला कळतं. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण मराठीत लिहिलं की तुमची आई वाचून दाखवणार. मी कुठे स्वतःच्या सोयीचं लिहिलं असेल तर ते तिला लगेच दिसेल.

तुझा जन्म नाशिकचा. थंडी सरत आलेली आणि निफाडकडून द्राक्षांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहू लागलेल्या, त्या दिवसांतला. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तुझ्या आईला आई नव्हती. नांदगावला तिचे वडील आणि त्यांचं बी-बियाण्याचं दुकान, एवढंच तिचं माहेर. तुझे बाबा तेव्हा बंगळूरला नोकरीला होते. सातव्या महिन्यात ते तिला आमच्याकडे सोडून गेले. जाताना दारात मला म्हणाले, "आई, ती काही मागणार नाही. तूच बघ."

मी बघायचं ठरवलं. म्हणजे मी वही केली. औषधांच्या वेळा, तपासणीच्या तारखा, डिंक, खारीक, जुन्या धोतरांची दुपटी, मालिशवाली बाई, पाळणा कुणाकडून आणायचा, सगळं त्या वहीत होतं. तुझी आई ती वही उघडून हसायची आणि म्हणायची, "आई, यात मला काही करायचंच राहिलं नाही." ते ऐकून मला फार बरं वाटायचं. आपण तिची आई झालो, असं मी मनाशी धरून चालले होते.

एका दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "आई, मुलगा झाला तर ऋजू ठेवावं म्हणते."

ऋजू म्हणजे सरळ. मनात एक आणि बाहेर एक असं नसणारा. शब्द मला ठाऊक होता. नाव म्हणून कुणाला ठेवलेला ऐकला नव्हता.

"मुलींचं ऋजुता असतं," मी म्हणाले. "ऋजू नावाचा मुलगा माझ्या तीस वर्षांच्या हजेरीत आला नाही."

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

"बघू."

आमच्या घरात माझ्या तोंडचं "बघू" म्हणजे "नाही". माझ्या दोन्ही मुलांना ते पाळण्यापासून माहीत होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, बघू म्हणजे बघू.

माझं म्हणणं काय होतं तेही सांगते, कारण मला ते अजूनही अगदीच चुकीचं वाटत नाही. गुणाचं नाव ठेवलं की लोक त्या मुलाची रोज परीक्षा घेतात. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या नावाचा अर्थ होता धीर. तोंडी परीक्षेला ती रडली तेव्हा मी सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "नाव काय आणि करतेस काय!" वर्ग हसला. ती वर्षभर पुन्हा हात वर करून काही बोलली नाही. नाव साधं असतं तर मला ते वाक्य सुचलंच नसतं. माझ्या नातवाचं नाव तीन अक्षरी, सरळसोट, हजेरीत पटकन म्हणून पुढे जाता येईल असं असावं, हे मी तुझे बाबा शाळेत होते तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं आता काही कारण नाही.

तुझा जन्म शस्त्रक्रियेने झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई औषधाच्या गुंगीत झोपली होती आणि मी खुर्चीवर बसून स्वेटर विणत होते. इस्पितळातला कारकून जन्मनोंदणीचा फॉर्म घेऊन आला. "तुम्ही भरता का? संध्याकाळी सगळे एकत्र पाठवायचेत." मी चष्मा लावला. आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, वेळ, वजन. सगळं वहीतून बघून सुवाच्य अक्षरात भरलं. मग आला बाळाच्या नावाचा रकाना.

कारकून म्हणाला, "तो राहू द्या. ठरलं नसेल ना अजून."

फॉर्ममध्ये रिकामा रकाना मला कधीच सहन झालेला नाही. परीक्षेच्या पेपरवर मुलांनी जागा कोरी सोडली की माझा जीव तुटायचा. पण मी इथे सवयीच्या मागे लपणार नाही. मी पलंगाकडे बघितलं. ती झोपली होती. ती झोपली आहे, एवढं पाहूनच मी ठरवलेलं ते तीन अक्षरी नाव त्या रकान्यात लिहिलं. खाली सही केली, नातं म्हणून "आजी" लिहिलं आणि फॉर्म देऊन टाकला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. ती जागी झाली तेव्हा मी तिला म्हटलं, "नोंदणीचा फॉर्म भरून दिला हं." ती म्हणाली, "बरं झालं, आई."

पाचव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. त्याच संध्याकाळी पाचवीची पूजा होती. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं पुढचं आयुष्य लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण तुझ्या आईला हवं होतं म्हणून मी कागद ठेवला. ती म्हणाली, "आई, चांगला जाड कागद ठेवा. तिला लिहायला सोपं जाईल." मी आतून जाड कागद आणला. तो पाटावर ठेवला. रकाना आधीच भरून बसलेल्या मला कोरा कागद मांडायला तोंड उरलं नव्हतं.

त्यानंतर ती रोज तुला ऋजू म्हणू लागली. अंघोळ घालताना, पाजताना, दुपटं बदलताना. मालिशवाली बाई इगतपुरीकडची होती. ती तुला पायांवर घेऊन तेल चोळता चोळता म्हणाली, "काय म्हनती सूनबाई? रुजू? नाव काय बी ठिवा ओ, हाक तर समदी बाळ्याच मारनार." तुझी आई हसली. मी हसले नाही.

नवव्या दिवशी मी भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि इस्पितळात गेले. कारकुनाने रजिस्टर बघून सांगितलं, फॉर्म केव्हाच गेला. तिथून रिक्षा करून मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेले. खिडकीमागे माझ्या मुलीच्या वयाची बाई होती. तिने नोंद काढली, माझ्यापुढे धरली. मी भरलेलं नाव कुणीतरी वहीत उतरवून घेतलं होतं, आणि सोबत माझा फॉर्म जोडला होता.

"हे नाव बदलायचं आहे," मी म्हणाले. "बारसं अजून व्हायचंय."

तिने पेन खाली ठेवलं. "मग भरलंत कशाला, आजी? सगळे कोरं सोडतात. बारसं झालं की सावकाश येतात, नाव सांगतात, आम्ही चढवतो. त्याला काही लागत नाही."

"आणि भरलेलं खोडायला?"

"प्रतिज्ञापत्र लागेल. आई-वडिलांचं. आणि फॉर्म भरला त्यांचं. कुणी भरला?"

"मी."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा कागदावरच्या सहीकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नाव तर चांगलं आहे. तेच ठेवून टाका ना."

ती माझ्या भल्यासाठीच बोलली. पण रिक्षात बसल्यापासून घरापर्यंत माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. तेच ठेवून टाका. मग कुणाला काही कळण्याचं कारणच नाही. प्रतिज्ञापत्र नको, सुनेपुढे मान खाली घालणं नको. तिने फक्त आपणहून मी भरलेलं नाव मान्य करायला हवं. हातात तीन दिवस होते.

ते तीन दिवस मी काय केलं ते लिहायला मला जड जातंय. मी एकदाही आवाज चढवला नाही. आजोबांना म्हटलं, "तुम्ही तिला सांगा, नाव विचित्र आहे." त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता उत्तर दिलं, "माझं मत हवं असेल तर मी घरात नाही." मग दहाव्या दिवशी पुण्याहून तुझी आत्या आली. बारशात नाव सांगण्याचा मान आत्याचा, तेव्हा तिच्या म्हणण्याला वजन होतं. तिला मी स्वयंपाकघरात गाठलं आणि शाळेतल्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. मी तिला काय म्हणाले होते, तेवढं मात्र सांगितलं नाही.

आत्या सरळ बाळंतिणीच्या खोलीत गेली. "वहिनी, ऋजू ना? सगळे राजू म्हणणार, लिहून देते."

"म्हणू देत ना, ताई. तो सांगेल, राजू नाही म्हणून."

"आणि थापा मारायला लागला की? लोक म्हणतील, बघा आला ऋजू!"

"मग तर बरंच आहे. थापा मारताना आठवण तरी होईल."

आत्या हसत बाहेर आली. "आई, ती ऐकायची नाही. आणि मला आता ते नाव आवडायला लागलंय."

मग मी एकटीच राहिले. मी दिवसातून तीन-चार वेळा, दुसरंच काही बोलता बोलता, त्या दुसऱ्या नावाचा विषय काढायचे. किती छान वाटतं कानाला. परदेशात गेलात तर तिथल्या लोकांनाही म्हणता येईल. तिच्या चेहऱ्यावर थकवा दिसत होता. टाके दुखत होते, तू रडत होतास, तिची झोप होत नव्हती. मला हे सगळं दिसत होतं. तरी मी थांबले नाही, कारण थकलेलं माणूस लवकर ऐकतं हे शिक्षिकेला बरोबर ठाऊक असतं.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी मी शतावरीचं दूध घेऊन तिच्याकडे गेले. तू तिच्या मांडीवर झोपला होतास. ती म्हणाली, "आई, तुम्हाला आवडतंय तेच नाव ठेवू या."

मी जिंकले होते. मी पेला तिच्यापुढे ठेवला.

"तुझ्या मनाविरुद्ध नको," मी म्हणाले. असं म्हणायचं असतं म्हणून म्हणाले.

"नाही हो. तुम्ही माझं इतकं केलंत. पण तुम्हाला वाटेल, उगाच हट्ट करत होती, म्हणून कारण सांगते." आणि तिने जे कुणाला फारसं सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बारावीची परीक्षा ती मनमाडला मावशीकडे राहून देत होती. तिसरा पेपर झाला त्या दिवशी नांदगावला तिची आई गेली. तिला ते कळलं शेवटचा पेपर झाल्यावर. "मावशी रोज डबा भरून द्यायची आणि म्हणायची, आई बरी आहे, तू अभ्यास कर. माझ्या बाबांना माहीत होतं, मामाला माहीत होतं, मला सोडणाऱ्या रिक्षावाल्याला माहीत होतं. मी घराच्या दारात उभी राहीपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही."

मी तुझं दुपटं सारखं केलं.

"मार्क चांगले पडले," ती म्हणाली. "सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. अजूनही सगळे तेच म्हणतात. मला फक्त वाटायचं, माझ्या घरात एक तरी माणूस असं असावं की जे मनात आहे ते सांगून मोकळं होईल. म्हणून ते नाव. पण नाव ठेवून माणूस तसा होतो असं थोडंच आहे? तुमचंच ठेवू."

सांगायला तीच वेळ होती. दारही बंद होतं. मी म्हणाले, "दूध गार होतंय," आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर भरलं. तुझे बाबा बंगळूरहून आले, नांदगावहून तिचे वडील आले, शेजारच्या बायका आल्या. पाळणा फुलांनी सजला. आत्याने ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीने त्यात मला हवं असलेलं नाव काढलं. मीच तिला तसं सांगितलं होतं. ती दोनदा म्हणाली, "नक्की ना? वहिनीने खरंच हो म्हटलं?" आणि मी दोनदा म्हणाले, "विचार तिलाच."

मी आत गेले. तुझी आई हिरवी साडी नेसून आरशापुढे कुंकू लावत होती. मी दार लोटलं.

"मला तुला एक सांगायचंय."

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली.

"इस्पितळातला फॉर्म. मी त्यात नाव भरलं. मला हवं ते. तू झोपली होतीस."

"कधी?"

"तिसऱ्या दिवशी. नोंद झाली आहे. मी बदलून आणायला गेले होते, पण तुमचं आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र लागतं. म्हणून मी तुझ्या मागे लागले, तू तेच नाव ठेवावंस म्हणून. म्हणजे तुला कळलं नसतं."

बाहेर कुणीतरी पाळण्याची दोरी ओढून बघत होतं, त्याचा आवाज येत होता. तिने कुंकवाची डबी बंद केली. मग वळली.

"पाचवीला कोरा कागद ठेवताना तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"काल मी आईचं सांगितलं तेव्हाही."

"हो."

मला वाटलं ती रडेल, ओरडेल. ती फक्त म्हणाली, "बाळाला द्या." मी तुला पलंगावरून उचलून तिच्या हातात दिलं. तिने तुला घेतलं ते माझ्या हाताला हात लागू न देता.

बाहेर येऊन ती ताटाजवळ बसली. तळहाताने तिने तांदूळ सपाट केले आणि अंगठी उचलून आत्याच्या हातात दिली. "ताई, ऋजू काढा." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग रीतीप्रमाणे आत्या पाळण्यात वाकली, तुझ्या कानात नाव सांगितलं, आणि सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तू दचकून रडलास. सगळे हसले. तुझी आईही पाहुण्यांसाठी हसली.

त्याच आठवड्यात ती तिच्या वडिलांबरोबर नांदगावला गेली. सव्वा महिना तरी आमच्याकडे राहायचं ठरलं होतं. मी डिंकाचे लाडू डब्यात भरून दिले. ते तिने घेतले, नाही म्हणाली नाही. मी फोन केला की तिचे वडील घ्यायचे आणि म्हणायचे, "बाळ छान आहे." ती कशी आहे हे ते सांगत नसत आणि मी विचारत नसे. तुझे बाबा बंगळूरहून एवढंच बोलले, "आई, तिने तुझ्यावर किती सोडलं होतं, तुला माहीत होतं ना." मला माहीत होतं. मला तूही दिसत नव्हतास. महिनाभरात तू केवढा झाला असशील ते मी शेजारच्या बाळांवरून ताडायचे.

महिन्याभराने ती तुझ्या बाबांबरोबर आली. प्रतिज्ञापत्रासाठी आली, राहायला नाही. आम्ही सगळे कोर्टाच्या आवारात टंकलेखकाच्या टेबलाशी उभे राहिलो. शेजारच्या वकिलाने मजकूर सांगायला सुरुवात केली. "मी लिहून देते की सदर फॉर्म भरताना नजरचुकीने..."

"नजरचूक नव्हती," मी म्हणाले.

वकील थांबला. "आजी, असंच लिहितात. सोपं पडतं."

"बाळाच्या आईला न विचारता, असं लिहा."

"असं कुणी लिहीत नाही हो. साहेब पन्नास प्रश्न विचारतील. उगाच काम अडेल तुमचं."

तुझे बाबा म्हणाले, "आई, जाऊ दे ना, काम होऊ दे." काम अडलं असतं तर ते तुझंच अडलं असतं, आणि पुन्हा माझ्यामुळे. मी तुझ्या आईकडे बघायचं टाळलं. तिने मला सोडवावं असं मला वाटत नव्हतं. निदान मी तसं समजत होते.

ती तुला खांद्यावर थोपटत उभी होती. तिने टंकलेखकाला म्हटलं, "त्या सांगतायत तसं लिहा."

त्याने तसं लिहिलं. मी सही केली. साहेबांनी प्रश्न विचारले, पन्नास नाही, दोनच, आणि दोन्हींची उत्तरं मी दिली. काम झालं, थोडा वेळ लागला. तुझे बाबा कागद जमा करायला रांगेत थांबले आणि आम्ही दोघी तुला घेऊन रिक्षाने निघालो. ती मधे अंतर ठेवून बसली होती.

बरंच पुढे आल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग का सांगितलंत?"

तिने सांगितलेली तिच्या आईची गोष्ट ऐकून सांगितलं, असं म्हणावं तर ते खरं होतं; पण ती ऐकल्यावरही मी एक पूर्ण रात्र गप्प राहिले होते. मी तेच सांगितलं. रात्रभर गप्प राहिले आणि सकाळी राहवेना, याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही, असं म्हणाले.

पुढच्या वळणावर तिने तुला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा जरा," ती म्हणाली, "हात भरून आलाय." तू महिन्याभरात चांगलाच जड झाला होतास. मी तुला दोन्ही हातांनी धरलं. ती बाहेर बघत राहिली, आणि घर येईपर्यंत तिने तुला परत मागितलं नाही.